पुण्याची सदर्न कमांड: समज आणि वस्तुस्थिती

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानच्या वाळवंटात पाकिस्तानी रणगाडे लोंगेवाला चौकीवर चालून आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या २३ पंजाबच्या कंपनीने सकाळी विमानं येईपर्यंत चौकी सोडली नाही. हे आपल्याला ‘बॉर्डर’ सिनेमामुळे पाठ आहे. ती चौकी ज्या कमांडच्या अखत्यारीत होती, तिचं मुख्यालय नारायण पेठेतून रिक्षाने अर्ध्या तासाच्या आत गाठता येतं, हे मात्र पेठेत फार थोड्यांना माहीत असतं. लोंगेवाला सदर्न कमांडच्या हद्दीत होतं आणि त्या वेळी कमांडचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर. पुढे तेच लष्करप्रमुख झाले.

त्यामुळे सदर्न कमांड म्हणजे दक्षिण भारत सांभाळणारी, सीमेपासून दूर असलेली, निवांत कमांड, हा पहिला समज बाजूला ठेवावा लागतो. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक, आंध्र, तेलंगण, गोवा, महाराष्ट्र हे तिच्याकडे आहेतच. पण गुजरात आणि राजस्थानचा जैसलमेर-बाडमेरचा पट्टाही तिच्याकडे आहे, म्हणजे कच्छच्या रणापासून थरच्या वाळवंटापर्यंतची पाकिस्तानची सीमा. तिची एक कोअर जोधपूरला आहे, दुसरी भोपाळला. पुण्यातल्या कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर वाळवंटाचे नकाशे असतात ते यामुळे.

मग नाव ‘दक्षिण’ कसं? त्यासाठी १८९५ पर्यंत मागे जावं लागतं. त्याआधी हिंदुस्थानात एक फौज नव्हती, तीन होत्या: बंगाल, मद्रास आणि मुंबई. प्रत्येक इलाख्याची फौज वेगळी आणि तिचा सरसेनापतीही वेगळा. १८७८ ते १८८० च्या दुसऱ्या अफगाण युद्धात या व्यवस्थेने इंग्रजांचीच अडचण केली. अखेर १ एप्रिल १८९५ रोजी इलाख्यांच्या फौजा मोडून एक फौज झाली आणि तिच्या चार कमांड केल्या: पंजाब, बंगाल, मद्रास आणि मुंबई. सदर्न कमांड आपला स्थापना दिवस १ एप्रिल मानते तो या मुंबई कमांडच्या वारशाने. १९०८ च्या सुमारास किचनरने कमांड मोडून उत्तर आणि दक्षिण अशा दोनच फौजा ठेवल्या. पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा चार कमांड आल्या, आणि पुण्याच्या वाट्याला ‘सदर्न’ हे नाव आलं. तेव्हा देशाची वायव्य सीमा खैबरला होती. फाळणीने सीमा सरकली, नाव तेच राहिलं.

कमांडच्या हद्दी कायमच्या ठरलेल्या नाहीत, हेही इथेच सांगायला हवं. जवळजवळ प्रत्येक मोठ्या युद्धानंतर लष्कराने आपला घरचा नकाशा नव्याने आखला आहे. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये ईस्टर्न कमांड लखनौहून कोलकात्याला गेली आणि लखनौला सेंट्रल कमांड उभी राहिली. १९७१ च्या युद्धानंतर, १९७२ मध्ये, उधमपूरला नॉर्दर्न कमांड आली. २००१-०२ मध्ये संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर फौज जमवायला फार वेळ लागला. पुढे २००५ मध्ये जयपूरला साउथ वेस्टर्न कमांड स्थापन झाली आणि राजस्थानचा उत्तरेकडचा भाग तिच्याकडे गेला. चंडीमंदिरला वेस्टर्न कमांड आहे. सातवी सिमल्याची आर्मी ट्रेनिंग कमांड. तिच्याकडे ना सीमा ना प्रांत, फक्त प्रशिक्षण आणि युद्धविचार. म्हणजे लढाईच्या सहा आणि प्रशिक्षणाची एक.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज पलटणींबद्दलचा आहे. ‘आमचा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत आहे, म्हणजे सदर्न कमांडमध्ये,’ असं सातारा-कोल्हापूरकडचे वडीलधारे अगदी खात्रीने सांगतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला आहे आणि बेळगाव सदर्न कमांडच्या हद्दीत येतं, इतकं खरं. तिथे जवान घडतो, रेजिमेंटची परंपरा, झेंडा, घोषणा शिकतो. पण रेजिमेंट आणि कमांड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेजिमेंट म्हणजे माणसं, कमांड म्हणजे मुलूख आणि त्या मुलुखाची जबाबदारी. पलटण दोन-तीन वर्षांनी हलते. आज पीस पोस्टिंगला असलेली उद्या फील्डला जाते, आणि जिथे जाईल तिथल्या कमांडचा हुकूम तिच्यावर चालतो.

याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण ‘जंगी पलटण’. १७६८ मध्ये उभी राहिलेली ही मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण आणि दीव पोर्तुगिजांकडून सोडवले गेले, तेव्हा दमणवर चालून गेली ती हीच पलटण. ते ‘ऑपरेशन विजय’ सदर्न कमांडचं होतं. कमांडप्रमुख होते लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी, आणि गोव्यात उतरलेली १७ वी डिव्हिजन मेजर जनरल कँडेथ यांची. दहाच वर्षांनी, डिसेंबर १९७१ मध्ये, तीच जंगी पलटण पूर्व पाकिस्तानात जमालपूरला पाकिस्तानी फौजेची वाट अडवून लढत होती. या वेळी हुकूम कोलकात्याच्या ईस्टर्न कमांडचा होता. मुलं बहुतेक आपल्याकडचीच, कमांड मात्र निराळी. जवान कुठला आणि कमांड कुठली, याचा एकमेकांशी संबंध जोडू नये तो यासाठी. उलट, पुण्यात तुम्हाला दिसणारी पलटण शीख, गुरखा किंवा कुमाऊंचीही असू शकते.

कमांडच्या पोटात दोन प्रकारची यंत्रणा असते, आणि हा भेद बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतो. एक लढणारी: कोअर, तिच्याखाली डिव्हिजन, मग ब्रिगेड, मग पलटण. युद्ध झालं तर ही सीमेकडे निघून जाते. दुसरी जागेवर राहणारी: एरिया, सब एरिया आणि स्टेशन. मुंबईला महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा एरियाचं मुख्यालय आहे, चेन्नईला दक्षिण भारत एरियाचं. पुण्यात दक्षिण महाराष्ट्र आणि गोवा सब एरिया. लष्कराच्या जमिनी, डेपो, माजी सैनिकांची कामं, स्थानिक प्रशासनाशी बोलणं हा सगळा संसार या दुसऱ्या यंत्रणेचा. नागरिकाचा लष्कराशी कामापुरता संबंध येतो तो बहुतेक वेळा हिच्याशीच.

कमांडप्रमुखाच्या हुद्द्यावरूनही गोंधळ होतो. तो लेफ्टनंट जनरल असतो, आणि कोअरचा प्रमुखही लेफ्टनंट जनरलच. मग मोठा कोण? खांद्यावरची चिन्हं सारखीच असली तरी कमांडप्रमुख, ज्याला लष्करात ‘आर्मी कमांडर’ म्हणतात, तो वरचा. त्याचं वेतन उपलष्करप्रमुखाच्या बरोबरीचं असतं. लष्करप्रमुखाचं ‘कमांडर-इन-चीफ’ हे पद मात्र १९५५ मध्ये संपलं. त्या पदावरचे शेवटचे आणि ‘चीफ ऑफ आर्मी स्टाफ’ या नव्या पदावरचे पहिले म्हणजे जनरल राजेंद्रसिंहजी. त्याआधी हेच पुण्यात सदर्न कमांडचे प्रमुख होते.

राजेंद्रसिंहजींचं नाव आलं की मराठवाड्यातला एक समज आठवतो. सप्टेंबर १९४८ च्या हैदराबाद मोहिमेला तिथे आजही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. सरकारी शब्द तोच होता, त्यामुळे लोकांचा दोष नाही. पण ते काम पोलिसांचं नव्हतं. ती सदर्न कमांडची पूर्ण लष्करी मोहीम होती, ‘ऑपरेशन पोलो’. कमांडप्रमुख राजेंद्रसिंहजी, आणि सोलापूरहून नळदुर्गमार्गे हैदराबादच्या रस्त्याने जाणारी मुख्य फळी मेजर जनरल चौधरींच्या पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनची. १३ सप्टेंबरला कूच झालं आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवण्याची घोषणा केली. मराठवाड्याचा मुक्तिदिन त्या दिवसाचा आहे.

पुण्यात लष्कराशी संबंधित जे जे दिसतं ते सगळं सदर्न कमांडचं, हा समजही दुरुस्त करायला हवा. खडकवासल्याची एनडीए तिन्ही दलांची आहे आणि दिल्लीच्या एकात्मिक संरक्षण मुख्यालयाशी जोडलेली आहे. एएफएमसी सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महासंचालनालयाची. पाषाण आणि दिघीच्या प्रयोगशाळा डीआरडीओच्या. खडकीचा दारूगोळा कारखाना ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचा. लोहगावचा तळ हवाई दलाचा, आणि हवाई दलाच्या कमांड वेगळ्याच. लोहगावची कमांड गांधीनगरला आहे. वानवडीचं कमांड हॉस्पिटल मात्र नावाप्रमाणे सदर्न कमांडचंच. रस्त्यावरच्या हिरव्या गाडीकडे नीट पाहिलंत तर नंबरच्या सुरुवातीला वर तोंड केलेला बाण आणि मग वर्षाचे दोन आकडे दिसतील. ती नोंदणी संरक्षण मंत्रालयाची आहे. गाडी कुठल्या कमांडची, हे त्या नंबरावरून कळत नाही.

कॅम्पाचंही तसंच. पुणे, खडकी आणि देहूरोड या तीन कँटोन्मेंटचा कारभार सदर्न कमांड चालवत नाही. तो २००६ च्या छावणी कायद्याखालच्या बोर्डांकडे आहे. बोर्डाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी असतो, पण मुख्याधिकारी संरक्षण मालमत्ता सेवेतला मुलकी माणूस असतो, आणि कायद्यात लोकांनी निवडून दिलेल्या सदस्यांची तरतूद आहे. पाणीपट्टीची तक्रार घेऊन कमांडच्या गेटवर जाण्यात अर्थ नाही.

घरच्या आघाडीवर लष्कर कुणाच्या सांगण्यावरून उतरतं, हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि याच बाबतीत गैरसमज सर्वाधिक धोक्याचा आहे. लष्कर रस्त्यावर आलं म्हणजे शहर लष्कराच्या ताब्यात गेलं, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं.

पेठांच्या आठवणीत याचं जुनं आणि कडवट उदाहरण आहे: १८९७ चा प्लेग. गोरे सोल्जर घराघरांत शिरले, माजघर-देवघर काही सोडलं नाही, म्हणून त्या छळाला ‘लष्कराचा’ म्हणायची सवय लागली. रँडलाही अनेक जण लष्करी अधिकारी समजतात. रँड आयसीएस होता, मुलकी अधिकारी, प्लेग समितीचा अध्यक्ष. सोल्जर समितीच्या दिमतीला दिले होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडबरोबर ज्याच्यावर गोळी झाडली तो आयर्स्ट मात्र लष्करातला लेफ्टनंट होता. सोल्जरांचा दोष याने कमी होत नाही. पण बंदूक कुणाच्या हातात आहे एवढं पाहून भागत नाही, ती कुणाच्या हुकमावरून आत शिरली हेही विचारायला हवं.

आजचा कायदा या बाबतीत नेमका आहे. जमाव पांगवायला इतर उपाय पुरत नसतील, तर जिल्हा दंडाधिकारी किंवा त्याने अधिकार दिलेला हजर कार्यकारी दंडाधिकारी लष्कराला पाचारण करू शकतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३० मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९ मध्ये आहे. बोलावल्यावर काम कसं करायचं ते लष्करी अधिकारी ठरवतो, पण बळ आणि इजा दोन्ही कमीत कमी ठेवण्याचं बंधन त्याच्यावर असतं. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल आणि सार्वजनिक सुरक्षा उघड धोक्यात असेल, तर अधिकारी स्वतःहून पाऊल टाकू शकतो. संपर्क होताच पुढचं मात्र दंडाधिकाऱ्याच्या सूचनेने.

पुराच्या वेळीही हाक मुलकी बाजूनेच द्यायची असते. जुलै १९६१ मध्ये पानशेतचं नवं, अपूर्ण धरण धोक्यात आलं, तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूच्या पोत्यांचे थर रचले. धरण १२ जुलैला सकाळी फुटलं, रात्री नाही. दुपारी खडकवासला गेलं, लकडी पूल पाण्याखाली गेला, नारायण पेठेत पाणी घुसलं. लोक जागे होते, उजेड होता, पळायला वाव होता. त्या रात्रीच्या पोत्यांनी किती जीव वाचवले याचा हिशेब कुणी मांडू शकणार नाही, पण पुण्याने ते ऋण नेहमी मान्य केलं आहे. पाचच महिन्यांनी याच कमांडने गोवा घेतला.

सैन्यदलांच्या सतरा स्वतंत्र कमांड एकत्र करून थिएटर कमांड करण्याची चर्चा २०१९ च्या अखेरीस चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ हे पद निर्माण झाल्यापासून चालू आहे. तसं झालं तर युद्धकाळात सीमा कोण सांभाळणार याची मांडणी बदलेल. मुलकी हाकेचा नियम त्याने बदलत नाही. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं, तेव्हाही प्रशासनाच्या मागणीवरून जवान आले. नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांनी म्हणून खडकवासल्याचा विसर्ग वाढल्याची सूचना आली आणि मदत लागली, तर १०७७ या जिल्हा नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर कळवावं. तिथून जिल्हाधिकारी, आणि गरज पडली तर जिल्हाधिकाऱ्यांकडून लष्कराकडे, असा तो रस्ता आहे.