उत्तनला गाडी चढावर का जात नाही?

कबूल केल्याप्रमाणे आज नाणेघाटातल्या उलट्या धबधब्याकडे वळायचं होतं. पण गेल्या आठवड्यातला लडाखच्या मॅग्नेटिक हिलवरचा भाग वाचून समुद्रकाठच्या उत्तनहून एक प्रश्न आला आणि तो इतका नेमका आहे, की धबधब्याला आठवडाभर थांबावं लागेल. वाचक म्हणतात, डोंगरीवरून समुद्राकडे उतरणाऱ्या आमच्या रस्त्यांनाही वळणं आहेत, चढउतार आहेत. न्यूट्रलमध्ये टाकलेली गाडी चढावर सरकल्याची करामत लेहजवळ होते, गीरमधल्या तुळशीश्यामला होते, मग आमच्याकडे का होत नाही? यातलं ‘का होत नाही’ मला फार आवडलं. अशा ठिकाणांची यादी करणारे पुष्कळ असतात. जिथे काहीच घडत नाही, त्या जागेची चौकशी सहसा कुणी करत नाही. माझं उत्तर एका वाक्यात असं: उत्तनला समुद्र दिसतो म्हणून.

रस्ता चढतोय की उतरतोय हे डोळा कसं ठरवतो ते आधी पाहू. सरळ रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर एकत्र आल्यासारख्या दिसतात. तो बिंदू क्षितिजाच्या खाली असेल तर उतार, वर असेल तर चढ. हिशेब बिनचूक आहे, पण त्यासाठी खरं क्षितिज माहीत असावं लागतं. डोंगरदऱ्यांत ते दिसत नाही, तेव्हा डोळा मिळेल त्या रेषेला क्षितिज मानतो. समोरच्या डोंगराची कड, खडकातला तिरका थर, दूरच्या शेताचा बांध, काहीही चालतं. ही उसनी रेषा खऱ्या क्षितिजाच्या खाली असली, की उतरणाऱ्या रस्त्याचा बिंदू तिच्या वर जातो आणि उतार चढ होऊन बसतो. त्यातच मागे किंवा पुढे कडक उतार असेल तर फसवणूक पक्की. तो कडक उतार आपल्याला आहे त्याहून सौम्य भासतो आणि त्याला लागून असलेला खरा सौम्य उतार चक्क चढ वाटतो. लेहपासून साधारण तीस किलोमीटरवर, श्रीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावर रंगवलेल्या पांढऱ्या चौकटीत गाडी उभी केली, की भोवती असतात ते उघडेबोडके उतार. डोळ्याच्या मदतीला भरवशाच्या उभ्या खुणा फारशा नाहीत.

हा नुसता तर्क नाही. इटलीतल्या पाओला ब्रेसान, लुईजी गार्लास्केल्ली आणि सहकाऱ्यांनी टेबलावर मावतील असे रस्ते तयार केले, लोकांना एका भोकातून ते पाहायला लावले आणि उतार व क्षितिजाची उंची बदलत नेली. डोंगर नाही, चुंबक नाही, तरी भास तोच. शेवटी त्यांनी त्या छोट्या रस्त्यावर चिकटपट्टीचं रीळ सोडलं आणि ते ‘चढावर’ घरंगळलेलं पाहून बघणारे चाट पडले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला.

यावर पहिली हरकत हमखास येते: डोळा फसेल हो, पण गाडी ताशी वीस किलोमीटरपर्यंत वेग घेते, ते काय उगाच? उगाच नाही, उतारामुळे. चांगल्या डांबरी रस्त्यावर टायरचा अडथळा गाडीच्या वजनाच्या साधारण एक-सव्वा टक्का असतो. उतार एक अंशाचा, म्हणजे सत्तावन्न मीटरला एक मीटर असला, तरी तो या अडथळ्याला पुरून उरतो. गणित मांडलं तर अशी गाडी तीनशे मीटरांत ताशी वीस किलोमीटरच्या आसपास जाते. आणि बसल्या जागी एक अंशाचा कल आपल्याला धड जाणवतही नाही. कानातलं संतुलनाचं इंद्रिय एवढी बारीक खबर ठामपणे देत नाही आणि डोळ्याने उलट सांगितलं, की ते गुमान मान्य करतं. स्कॉटलंडच्या एअरशरमध्ये ‘इलेक्ट्रिक ब्रे’ नावाचा असाच रस्ता आहे. त्याचा उतार तर शहाऐंशीस एक एवढाच.

त्या नावावरून चुंबकाचीही वासलात लागते. ज्या काळी वीज हे नवल होतं, त्या काळी स्कॉटलंडच्या लोकांनी ही करामत विजेच्या नावावर घातली. लडाखला ती चुंबकाच्या वाट्याला आली. दीड टन गाडी दुरून ओढणारं चुंबक डोंगरात असतं, तर खिशातल्या किल्ल्यांनी आधी उडी मारली असती, होकायंत्र वेडंवाकडं फिरलं असतं आणि लाकडाचा चेंडू किंवा बाटलीतलं पाणी मात्र मुकाट खरा उतार धरून गेलं असतं. प्रत्यक्षात चेंडू, पाणी आणि गाडी तिन्ही एकाच दिशेला जातात.

दुसरी हरकत जास्त हुशारीची आहे. गुरुत्वाकर्षणच तिथे तिरकं असेल तर? मग गवंड्याचा ओळंबा आणि पाणसळ दोन्ही तितकीच तिरकी होणार आणि मोजणीतून काहीच हाती लागणार नाही. हे खरं आहे, डोंगर ओळंब्याला ओढतोच. पण किती? याचं उत्तर आपल्याच देशातल्या मोजणीतून आलं. कल्याणा आणि कल्याणपूर या सर्वेक्षणाच्या दोन ठाण्यांच्या अक्षांशांत मेळ बसेना, तेव्हा जॉन हेन्री प्रॅट या कोलकात्याच्या धर्मगुरूने १८५५ साली हिमालयाच्या ओढीचा हिशेब मांडला. हिशेबाने तफावत सुमारे सोळा सेकंदांची यायला हवी होती, प्रत्यक्षात ती पाचच्या थोडी वर निघाली. हे सेकंद कोनाचे, एका अंशात तीन हजार सहाशे. म्हणजे अख्ख्या हिमालयाने पाडलेली हिशेबातली तफावत धरली, तरी ती अंशाचा सव्वादोनशेवा भाग. आपल्या गाडीला लागतो पुरा एक अंश. रस्त्याकडेच्या एका टेकाडाला हे कुठून जमणार? (प्रॅटचा हिशेब चुकला नव्हता, प्रत्यक्षातली तफावत कमी का निघाली ही पर्वतांच्या मुळांची वेगळीच सुरस कथा आहे. तिला स्वतंत्र भाग लागेल.)

आता उत्तनकडे. समुद्राची सपाटी गुरुत्वाकर्षणानेच आखलेली असते, त्यामुळे निसर्गाने दिलेली ती सर्वांत मोठी पाणसळ. तीस मीटर उंचीवरून पाहिलं, तर समुद्राचं क्षितिज नजरेच्या आडव्या पातळीपेक्षा अंशाचा जेमतेम सहावा भाग खाली दिसतं. म्हणजे आपल्याला हव्या त्या एका अंशाच्या तुलनेत चूक किरकोळ. ती रेषा समोर असताना डोळ्याला उसन्या रेषेची गरजच पडत नाही. किनाऱ्यावरचे माड समुद्राकडे झुकलेले असतात, नुसत्या त्यांच्यावर विसंबलं तर घोटाळा झाला असता. पण बोंबील सुकवायच्या वलांड्यांचे उभे बांबू आणि मागे पाण्याची आडवी रेषा, दोन्ही एकदम दिसल्यावर माडांचं कोण ऐकतो?

एक पुरवणी जोडायला हवी. हे सगळं समुद्र दिसतो तिथपुरतंच. टेकडीच्या आतल्या अंगाला, झाडीत, कडक उतार संपून सौम्य उतार लागतो अशा वळणावर उत्तनमध्येही हा भास व्हायला शास्त्राची काही आडकाठी नाही. तशी जागा कुणाला सापडलीच तर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याच्या फंदात पडू नये, रस्ता वाहता आहे. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब पाण्याने भरावी, आतले बुडबुडे काढावेत आणि कडेला दोघांनी दहा मीटर अंतरावर टोकं धरावीत. पाण्याच्या पातळीपासून रस्त्यापर्यंतची उंची दोन्हीकडे मोजली, की झालं. एका अंशाला फरक साडेसतरा सेंटिमीटर येतो, तो पट्टीशिवायही कळेल. ज्या टोकाला उंची जास्त भरेल, ते खालचं टोक. आकडे पाठवलेत तर इथे छापू. नाणेघाट पुढच्या आठवड्यात. तिथे मात्र पाणी खरोखरच वर जातं, त्यामुळे आजचं एकही उत्तर तिथे चालणार नाही.