साथ कोणी कोणाची करावी?

गणेशोत्सव आला, की घरोघरी आरतीचे टाळ वाजू लागतात. ज्या घरी स्वमग्न अथवा मंद बौद्धिक वाढीचे बालक असते, तेथील मातापिता कीर्तन आटोपल्यावर आम्हांस हळूच विचारतात, "बुवा, कोणता राग ऐकविला असता हा बोलू लागेल?" प्रश्नामागील आर्तता आम्ही जाणतो, परंतु असा राग आम्हांस ठाऊक नाही. जो कोणी तो ठाऊक असल्याचे सांगून दक्षिणा घेतो, त्याच्यापासून भाविकांनी दूरच राहावे.

मग संगीत करते तरी काय? इंग्लंडातील वुस्टरशर परगण्यात सनफील्ड ही अशा मुलांची निवासी संस्था. तेथे १९५९ साली पॉल नॉर्डॉफ हे अमेरिकन संगीतकार व क्लाइव्ह रॉबिन्स हे शिक्षक एकत्र आले. नॉर्डॉफ पियानोवर बसत. मुलापुढे ड्रम असे. मूल रडले तर त्या रडण्याचाच स्वर धरून ते वाजवीत, ते झुलू लागले तर त्या झुलण्याचीच लय घेत. रॉबिन्स मुलाजवळ राहून त्यास आधार देत. आपण वाजविले की पलीकडून उत्तर येते, हे मुलास उमगले, म्हणजे संवादाची पहिली गाठ पडे. तबलजी जशी बुवांची साथ करतो, तशी येथे गुणी कलावंताने मुलाची साथ केली. मुलास तालात बसविण्याचा अट्टहास नव्हे!

या उपचाराची परीक्षाही झाली आहे. ९ देशांतील ३६४ स्वमग्न मुलांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. पाच महिन्यांनंतर लक्षणांच्या तीव्रतेत विशेष फरक आढळला नाही. २०२२ साली २६ अभ्यासांची एकत्रित छाननी झाली, तीत मात्र एकंदर सुधारणेस संगीताचा हातभार लागत असावा, असे दिसले. तेव्हा तज्ज्ञांचे उपचार सोडून केवळ गाण्यावर विसंबू नये.

आता घरच्या आरतीविषयी. पाहुणे येताच कित्येक घरी अशा मुलास आतल्या खोलीत बसवितात, याचा आम्हांस विषाद वाटतो. त्यास देवापुढे, सर्वांबरोबर उभे करावे. हाती लहान झांज द्यावी आणि एखादे कडवे त्याच्याच लयीने म्हणावे. आरती लांबली म्हणून गणराय रागावत नाहीत. मात्र कित्येक स्वमग्न मुलांना मोठा आवाज खरोखरच असह्य होतो. मुलाने कानांवर हात ठेवले, तर तो हट्ट समजू नये. घंटा बाजूस ठेवून टाळ्यांवर आरती करावी. मिरवणुकीतील ढोलताशांपुढे तर त्यास बळेच नेऊच नये. एखाद्या दिवशी ते झांज वाजविणार नाही, नुसती हाती धरून बसेल. बसू द्यावे.