मियाजिमा : भातवाढीत दडलेला बौद्ध वारसा

जपान दौऱ्यावर गेलेले गायक-वादक हिरोशिमाला पोहोचले की एक दिवस मियाजिमा बेटासाठी राखून ठेवतात. समुद्रात उभे असलेले लाल प्रवेशद्वार, रस्त्यावर फिरणारी हरणे, कालवे भाजणारी दुकाने. मग फोटो येतात, आपण ते लाईक करतो आणि पुढे जातो. या फोटोंत सहसा न दिसणारा इतिहास आपल्या तरुणांपर्यंत पोहोचावा, म्हणून हा लेख.

या बेटाचे मूळ नाव इत्सुकुशिमा. 'मियाजिमा' म्हणजे देवस्थानाचे बेट. मियाजिमागुची बंदरातून बोटीने दहा मिनिटांत तिथे जाता येते. इथले मुख्य मंदिर शिंतो, म्हणजे जपानच्या पारंपरिक देवपूजेचे. १९९६ साली ते जागतिक वारसा यादीत आले. मंदिराला आजचे भव्य रूप दिले ते १२ व्या शतकातील सरदार ताइरा नो कियोमोरी याने. त्याच कियोमोरीने ११६४ साली या मंदिराला सद्धर्मपुंडरीक आणि इतर बौद्ध सूत्रांच्या ३३ सजवलेल्या गुंडाळ्या अर्पण केल्या. शिंतो मंदिराला बौद्ध सूत्रांचे दान कसे? कारण त्या काळी तिथे बुद्ध आणि स्थानिक देवता एकाच आवारात नांदत होत्या.

संगीताचेही तसेच. मंदिरासमोरच्या मंचावर 'बुगाकू' हे मुखवट्यांचे नृत्य होते. कियोमोरीने ते ओसाकाच्या शितेन्नोजी या बौद्ध विहारातून इथे आणले. बुगाकूच्या परंपरेत एक धागा थेट भारताशी जोडलेला आहे. ७३६ साली बोधिसेन हे भारतीय भिक्खू जपानला पोहोचले. त्यांच्यासोबत चंपा देशातून, म्हणजे आजच्या व्हिएतनाममधून, आलेले एक भिक्खू होते. त्यांनी आणलेले संगीत आणि नृत्य 'रिन्यूगाकू' म्हणून जपानी दरबारी संगीतात सामावले, असे परंपरा सांगते.

मग हे सारे फक्त शिंतो म्हणून का ओळखले जाते? १८६८ साली मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध स्थळे वेगळी करण्याचा हुकूम काढला. त्याच्या खुणा आजही दिसतात. मंदिरामागच्या टेकडीवर १४०७ सालचा पाच मजली पॅगोडा आहे, पण त्यातील बुद्धमूर्ती दाइगान्जी विहारात हलवल्या गेल्या. शेजारी सेन्जोकाकू हे प्रचंड लाकडी सभागृह आहे. युद्धात मेलेल्यांसाठी सूत्रपठण व्हावे म्हणून तोयोतोमी हिदेयोशीने १५८७ साली ते बांधायला घेतले. आज तेही शिंतो मंदिर आहे. वास्तू राहिली, तिची ओळख मात्र सरकारी हुकमाने बदलली.

तरीही धम्म बेटावरून गेला नाही. मिसेन डोंगराच्या पायथ्याशी दाइशोइन विहार आहे. ८०६ साली भिक्खू कूकाई यांनी इथे साधना केली, अशी परंपरा आहे. त्यांनी पेटवलेला म्हणून जपलेला अग्नी डोंगरावर आजही तेवतो. हिरोशिमाच्या शांतता उद्यानातील ज्योत १९६४ साली पेटवताना हा अग्नीही वापरला गेला.

आता खाण्याकडे वळू. कालवे, अनागो माशाचा भात आणि मेपलच्या पानाच्या आकाराचा, आत गोड लाल चवळीसारख्या डाळीचे सारण भरलेला मोमिजी मांजू हे इथले प्रसिद्ध पदार्थ. पण दुकानादुकानात टांगलेली लाकडी भातवाढी नीट पाहा. बाजारपेठेत तर ७.७ मीटर लांबीची एक भातवाढी मांडून ठेवली आहे. १८ व्या शतकाच्या अखेरीस सेइशिन नावाचे भिक्खू या बेटावर राहत. बेटावर शेती नाही, लोकांना रोजगार नाही. सांगतात की, त्यांना स्वप्नात बेन्झाइतेन देवीची बिवा, म्हणजे जपानी वीणा दिसली. ही देवी म्हणजे बौद्ध सूत्रांतून जपानला पोहोचलेली सरस्वती. त्या वीणेच्या आकारावरून सेइशिन यांनी भातवाढी घडवली आणि ती करायला गावकऱ्यांना शिकवले. पाण्याची टंचाई होती म्हणून त्यांनी विहिरीही खोदल्या. पाण्याचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको.

स्वप्नाची गोष्ट आख्यायिका म्हणून बाजूला ठेवू. उरते ते महत्त्वाचे आहे. एका भिक्खूने लोकांच्या हाताला काम दिले आणि तहानेला पाणी दिले. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' आपण रोज म्हणतो, त्याचा प्रत्यक्ष अर्थ हाच.

म्हणून आपल्यापैकी कुणी गायक, वादक किंवा विद्यार्थी मियाजिमाला गेला, तर लाल दारासमोर फोटो जरूर काढावा. पण तिथूनच परतू नये. दाइगान्जी पाहावे, दाइशोइनच्या पायऱ्या चढाव्यात आणि येताना घरासाठी एक भातवाढी आणावी. घरी कुणी विचारलेच, तर सेइशिन भिक्खूंची गोष्ट सांगावी. वारसा असाच टिकतो, सांगितल्याने.