मुलूखगिरीचे धन: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा जो खेळ प्रसिद्ध केला, त्यात खेळाडूने मनाने एखादा योद्धा वा मांत्रिक व्हावे, भुयारे धुंडाळावीत, राक्षसांचा निःपात करावा आणि त्यांच्या गुहांतील सुवर्ण घेऊन परतावे, अशी योजना असून, आरंभीच्या नियमांत तर आणलेल्या प्रत्येक सुवर्णनाण्यागणिक योद्ध्याच्या अनुभवात एकेका गुणाची भर पडत असे. या खेळाचे अनेक वंशज आज मोबाईलवर तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोहोचले आहेत, आणि त्यांतून साहसी पुरुषाच्या संपत्तीचे जे चित्र तरुण मनावर उमटते, ते गडकोटांतील गुप्तधनाविषयीच्या आपल्याकडील जुन्या समजुतींशी इतके बेमालूम जुळते की, गारगोटीजवळच्या भुदरगडाकडे बोट करून वर सोन्याचे हंडे पुरलेले आहेत असे सांगणारा आजोबा आणि तसले खेळ खेळणारा त्याचा नातू यांच्यात या बाबतीत मतभेद म्हणून उरत नाही. परंतु मुलूखगिरीवर ज्यांचा चरितार्थ चालला अशी खरीखुरी माणसे याच मुलखात पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेली, आणि त्यांचे धन कोठून येई, कोठे राही व कशात जाई, याची हकीकत पुरलेल्या हंड्यापेक्षा पुष्कळच मनोवेधक आहे.

पहिला गैरसमज असा की, ज्याच्या हाती लूट लागली त्याचीच ती झाली. 1697 च्या सुमारास जिंजीस आपली बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने शिवकालीन लष्कराचा जो रिवाज नमूद केला आहे, तो याच्या नेमका उलट आहे. दसऱ्यास लष्कर छावणीतून बाहेर पडताना प्रत्येक लहानथोर माणसाजवळील चीजवस्तेची याद होई. आठ महिने परमुलखात काढून फौज परत आली की त्याच यादीबरहुकूम झडती घेतली जाई, आणि यादीबाहेरचे जे निघेल त्याची किंमत धरून ते सरकारात जमा तरी होई वा येणे पगारातून वजा तरी होई. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी ही उतरंड असून हजारीस वर्षाला हजार होनांची नेमणूक असे. बारगिराचा तर घोडादेखील सरकारी पागेतला. स्वतःचा घोडा व हत्यार बाळगणारा तो शिलेदार. तेव्हा मोहिमेचे धन हे प्रथम राज्याचे, आणि शिपायाच्या वाट्यास त्यातून येणारा तो मुशाहिरा. माझ्या मते शिवकालीन राज्यव्यवस्थेचे मर्म रणांगणापेक्षा या झडतीच्या यादीतच अधिक स्पष्ट दिसते, कारण लुटीवर कारकुनाची लेखणी चालू शकते तेथेच टोळीचे रूपांतर राज्यात झालेले असते.

दुसरा गैरसमज वजनाचा आहे. उपर्युक्त खेळाच्या 1970 च्या दशकातील नियमांत दहा नाणी मिळून एक पौंड भरत, म्हणजे एकेक नाणे सुमारे 45 ग्रॅमचे; पुढे पन्नास नाण्यांचा पौंड झाला, तरीही नाणे नऊ ग्रॅमचे राहिलेच. शिवराई होन मात्र अवघा पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, बोटाच्या पेरावर सहज मावेल एवढा. हजारीची संबंध वर्षाची नेमणूक अशा होनांत मोजून दिली तरी ती पावणेतीन किलोच भरावयाची, म्हणजे सोन्याचा भार शिपायाला कधी जड झालाच नाही. जड होई ती चांदी. होनाचा भाव स्थळकाळानुसार बदलत असला तरी तो साडेतीन रुपयांच्या आसपास धरला, आणि रुपया साडेअकरा ग्रॅमचा मानला, तर तीच हजार होनांची रक्कम चांदीत चाळीस किलोंवर जाते आणि तिला स्वतंत्र जनावर लागते. शिवाय नाणे नाण्यासारखे नसे. निरनिराळ्या टांकसाळींचे, झिजलेले, हिणकस असे नाणे सराफाच्या पाटावर पारखले जाई आणि त्यावर बट्टा कापला जाई. जगाच्या पाठीवर कोठेही एकच सुवर्णनाणे निमूटपणे चालते, ही खेळाच्या सोयीची कल्पना आहे. त्या काळच्या बाजारात अशी सोय कोणालाही लाभलेली नव्हती.

मग धन ठेवीत कोठे? थोडेसे कमरेच्या कशात, आणि साधले तर पुष्कळसे घरच्या माणसांच्या अंगावर. पुतळ्यांची माळ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. सुवर्णाची नाणीच माळेत ओवून गळ्यात घातली म्हणजे ती शोभेची शोभा आणि अडीअडचणीची पुंजी. दुष्काळात एकेक पुतळी सोडवून सराफाकडे न्यावी, बरे दिवस आले की पुन्हा ओवावी. मोठ्या रकमांची गोष्ट निराळी होती. अठराव्या शतकात सरदारांचा व सरकारचा पैसा दूरच्या प्रांतांतून हलविला जाई तो बहुधा हुंडीने. एका गावच्या पेढीवर रक्कम भरावी, सावकाराने दुसऱ्या गावच्या आडत्यावर कागद लिहून द्यावा, दर्शनी हुंडी असल्यास दाखविताच आणि मुदती असल्यास ठरल्या मितीस तिचे पैसे मोजून मिळावेत, आणि या सेवेबद्दल सावकाराने हुंडणावळ घ्यावी, असा हा व्यवहार. हुंडीत नुसती हजाराची रक्कम लिहून भागत नसे. तिचे निमे पाचशे, त्याचे दुप्पट पुरे हजार, असे फोडून लिहीत, जेणेकरून मधल्या मध्ये कोणास आकडा फिरविता येऊ नये. हुंडी गहाळ झाल्यास पैठ, तीही गहाळ झाल्यास परपैठ लिहून देण्याची वहिवाट होती. वाटेत दरोडेखोराने जासुदास लुटले तरी त्याच्या हाती कागदापलीकडे काही लागत नसे. खेळांतल्या कितीही भरले तरी न भरणाऱ्या जादूच्या झोळीहून मला ही योजना अधिक विस्मयकारक वाटते, कारण तिच्यामागे मंत्र नसून केवळ दोन दूरदूरच्या पेढ्यांची परस्परांवरची पत होती.

गडांवर सोने पुरून ठेवीत, हा गैरसमज सर्वांत चिवट. त्याला आधार दिला जातो तोरण्याचा, की तेथे दुरुस्तीच्या कामात शिवाजी महाराजांना द्रव्य सापडले. पण त्याच परंपरेचे पुढचे वाक्य कोणी ध्यानात घेत नाही, की ते द्रव्य राजगडाच्या बांधकामी खर्ची पडले. गडावरचा कारभार हवालदार, सबनीस व कारखानीस या तिघांत वाटलेला असे; किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, कोठाराचा जिम्मा तिसऱ्याकडे, आणि एकट्याच्या मर्जीने दरवाजाही उघडावयाचा नाही. अशा ठिकाणी हंडा पुरणार कोण? कोठारात असे ते धान्य, मीठ, तेल, तूप, दारू आणि शिसे. वेढा पडला असता माणसे त्यावरच जगत.

भुदरगडापुरते बोलावयाचे तर गडकऱ्यांचे खरे धन गडाच्या पोटात नव्हतेच. ते पायथ्याच्या शेतांत होते. गडाच्या चाकरीबद्दल त्यांना पिढीजात जमिनी तोडून दिलेल्या होत्या. इंग्रजांच्या देखरेखीखाली करवीर संस्थानाच्या कारभारात फेरफार होऊन त्या जमिनींची व्यवस्था गडाच्या अंमलदारांकडून मामलेदारांकडे जाऊ लागली, तेव्हा 1844 मध्ये सामानगड व भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले आणि इंग्रजी फौजेशी सामना केला. बंड मोडले, तटबंदीची मोडतोड झाली. सोन्यासाठी नव्हे, तर सनदेतल्या बिघ्यांसाठी ही माणसे तोफांपुढे उभी राहिली, हे गुप्तधनाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी अवश्य सांगावे.

साहसी पुरुष श्रीमंत होऊन निवृत्त होतो, या समजुतीबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. नर्मदापार मराठी सत्ता नेणारे पहिले बाजीराव आयुष्यभर कर्जाच्या विवंचनेत होते आणि धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना त्यांनी लिहिलेल्या पत्रांत ती विवंचना उघड दिसते. फौजेचा पगार, वैरण, घोडे यांतच मिळकत जिरे.

उरला प्रश्न सापडलेल्या धनाचा. ते सापडणाराचे, हा समज चुकीचा आहे. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले द्रव्य सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. चौकशीअंती ते बेवारस ठरले आणि सरकारने स्वतः घेतले नाही, तर दुसरा काही करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडणारास व एक चतुर्थांश जागेच्या मालकास मिळतो, आणि दडवून ठेवणारा मात्र आपला हिस्सा गमावून शिक्षेस पात्र होतो. गुप्तधनाच्या शोधार्थ अघोरी कृत्ये करणे वा करविणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आहे. आणि कायदा क्षणभर बाजूस ठेवला, तरी हंड्याच्या आशेने तटाखाली मारलेला प्रत्येक खड्डा मातीचे थर उलथेपालथे करतो. कोणत्या थरात कोणते खापर, कोणता खिळा, कोणते झिजलेले नाणे पडले होते, हा गडकऱ्यांच्या संसाराचा उरलासुरला दाखला त्या कुदळीबरोबर कायमचा नाहीसा होतो.