सिन्ना (प्राचीन रोममधील व्यक्ती)

सिन्ना हे प्राचीन रोममधील अनेक व्यक्तींचे उपनाम होते. रोमन प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळात हे नाव प्रामुख्याने कॉर्नेलियस कुळाच्या एका शाखेत आढळते. याच काळात हेल्व्हियस कुळातील एका कवीचेही उपनाम सिन्ना होते. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरच्या अंत्यविधीनंतर रोममधील जमावाने या हेल्व्हियस सिन्नाला कॉर्नेलियस सिन्ना समजून ठार मारले. नामसाधर्म्यामुळे घडलेली ही हत्या प्राचीन इतिहासातील अशा घटनांपैकी सर्वांत प्रसिद्ध मानली जाते. पाच प्राचीन लेखकांनी तिची नोंद केली आहे.

रोमन नावांची रचना

प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळात रोमन पुरुषाच्या नावाचे साधारणपणे तीन भाग असत : व्यक्तिनाम, कुलनाम आणि उपनाम. मराठी नावातील मधला भाग वडिलांचे नाव असतो. रोमन नावात मात्र मधला भाग कुळाचा असे. लूसियस कॉर्नेलियस सिन्ना या नावात लूसियस हे व्यक्तिनाम, कॉर्नेलियस हे कुलनाम आणि सिन्ना हे कुळातील विशिष्ट शाखा दर्शविणारे उपनाम आहे. स्त्रियांना सामान्यतः कुलनामाचे स्त्रीलिंगी रूप मिळे. त्यामुळे कॉर्नेलियस कुळातील सर्वच मुली कॉर्नेलिया म्हणून ओळखल्या जात.

नेहमीच्या वापरातील व्यक्तिनामांची संख्या वीसहून कमी होती. थोरल्या मुलाला बहुधा वडिलांचेच व्यक्तिनाम दिले जाई. परिणामी एकाच घराण्यात आजोबा, वडील आणि मुलगा यांची नावे तंतोतंत सारखी असत. शिलालेख व अधिकृत नोंदींमध्ये 'लूसियसचा पुत्र' अशा प्रकारे वडिलांचे व्यक्तिनाम जोडण्याची पद्धत होती. परंतु सलग पिढ्यांमध्ये लूसियस हेच नाव असल्यास हा उल्लेखही पुरेसा पडत नसे. म्हणून आधुनिक इतिहासकार अशा व्यक्तींचा निर्देश त्यांनी भूषविलेले पद आणि त्याचे वर्ष यांच्या आधारे करतात, उदाहरणार्थ, 'इ.स.पू. ८७ चा कॉन्सल' किंवा 'इ.स.पू. ४४ चा प्रेटर'.

दैनंदिन व्यवहारात मात्र पूर्ण नाव क्वचितच उच्चारले जाई. रस्त्यावर किंवा सभेत केवळ उपनामाने ओळख पटविली जात असे. उपनामे वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे रूढ होत असल्याने दोन व्यक्तींचे उपनाम एक असणे म्हणजे त्यांच्यात नाते असणे नव्हे. कॉर्नेलियस सिन्ना हे जुन्या अभिजन कुळातील, तर हेल्व्हियस हे सामान्य नागरिकवर्गातील कुळ होते.

लूसियस कॉर्नेलियस सिन्ना (इ.स.पू. ८७ चा कॉन्सल)

सिन्ना हे नाव रोमच्या राजकारणात सर्वाधिक गाजविणारी व्यक्ती म्हणजे इ.स.पू. ८७ ते ८४ अशी सलग चार वर्षे कॉन्सल असलेला लूसियस कॉर्नेलियस सिन्ना. त्याच नावाचे त्याचे वडील इ.स.पू. १२७ मध्ये कॉन्सल होते.

इ.स.पू. ८८ मध्ये सेनानी सुल्ला याने आपले सैन्य थेट रोम शहरात घुसविले होते. पुढील वर्षी पूर्वेकडील मोहिमेवर निघण्यापूर्वी त्याने नव्या कॉन्सलकडून आपल्या व्यवस्थेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. प्लुटार्कच्या वृत्तान्तानुसार सिन्ना हाती दगड घेऊन कॅपिटोल टेकडीवर गेला आणि शपथ मोडल्यास आपणही या दगडाप्रमाणे शहराबाहेर फेकले जाऊ, असे म्हणून त्याने तो भिरकावला. पदावर येताच त्याने ही शपथ मोडली. नुकतेच नागरिकत्व मिळालेल्या इटालियन लोकांना रोमच्या पस्तीसही मतदारगणांत समान स्थान द्यावे, असा प्रस्ताव त्याने मांडला. त्यांना मोजक्या गणांत कोंडल्यामुळे त्यांच्या मताला फारशी किंमत उरली नव्हती. सहकारी कॉन्सल ग्नेयस ऑक्टेव्हियस याने या प्रस्तावाला विरोध केला. शहरात रक्तपात झाला, सिन्नाला पळ काढावा लागला आणि सिनेटने त्याचे पद काढून घेतले.

कॅम्पानियातील सैन्य आपल्या बाजूस वळवून आणि निर्वासित सेनानी मारियसशी हातमिळवणी करून सिन्नाने त्याच वर्षी रोमला वेढा घातला. शहर शरण आले. ऑक्टेव्हियससह अनेक विरोधकांची हत्या करण्यात आली. इ.स.पू. ८६ च्या जानेवारीत मारियसचा मृत्यू झाल्यानंतर सत्ता मुख्यतः सिन्नाच्या हाती राहिली. याच वर्षी कर्जदारांना केवळ एक चतुर्थांश रक्कम फेडण्याची मुभा देणारा कायदा संमत झाला. इ.स.पू. ८४ मध्ये सुल्लाला तोंड देण्यासाठी सैन्य समुद्रापार नेण्याच्या तयारीत असताना बंडखोर सैनिकांनी सिन्नाला ठार मारले.

त्याची मुलगी कॉर्नेलिया हिचा विवाह तरुण ज्युलियस सीझरशी झाला होता. सत्तेवर परतलेल्या सुल्लाने सीझरला पत्नीशी घटस्फोट घेण्याचा आदेश दिला. सीझरने तो नाकारला आणि काही काळ अज्ञातवास पत्करला. अशा रीतीने सिन्ना हे नाव सीझरच्या घराशी जोडले गेले.

लूसियस कॉर्नेलियस सिन्ना (इ.स.पू. ४४ चा प्रेटर)

वरील कॉन्सलचा मुलगा आणि सीझरचा मेहुणा. सुल्लाच्या मृत्यूनंतर इ.स.पू. ७८ मध्ये लेपिडसने केलेल्या उठावात तो सहभागी झाला आणि उठाव फसल्यावर स्पेनमधील बंडखोर सेनानी सर्टोरियसकडे गेला. सुएटोनियसच्या मते, त्याला व त्याच्या साथीदारांना मायदेशी परतण्याची परवानगी मिळवून देण्यात सीझरचा पुढाकार होता. पुढे सीझरच्याच राजवटीत, इ.स.पू. ४४ मध्ये, तो प्रेटर झाला. त्याचा विवाह पॉम्पीची मुलगी पॉम्पेया हिच्याशी झाला होता.

१५ मार्च इ.स.पू. ४४ रोजी सीझरची हत्या झाल्यानंतर सिन्नाने हत्या करणाऱ्यांची बाजू घेतली. ॲपियनच्या वर्णनानुसार त्याने फोरममध्ये येऊन, हे एका जुलमी सत्ताधीशाचे दान आहे असे सांगत, आपले प्रेटरपदाचे वस्त्र सर्वांसमक्ष उतरविले. ज्याच्यामुळे तो परत आला आणि पदावर चढला, त्याच नातलगाविरुद्धची ही भूमिका लोकांना विशेष बोचली. दोन दिवसांनी तो सिनेटच्या बैठकीस जात असताना जमावाने त्याच्यावर दगडफेक केली. तो एका घरात शिरला तेव्हा लोक त्या घराला आग लावण्याच्या तयारीत होते. लेपिडसच्या सैनिकांनी त्याला वाचविले. प्लुटार्क कटवाल्यांमध्ये सिन्ना नावाच्या व्यक्तीचा उल्लेख करतो. तथापि या प्रेटरने प्रत्यक्ष हत्येत भाग घेतला नव्हता, असे अनेक आधुनिक अभ्यासकांचे मत आहे.

गाइयस हेल्व्हियस सिन्ना

कवी आणि इ.स.पू. ४४ चा ट्रिब्यून, म्हणजेच सामान्य नागरिकांचा निर्वाचित प्रतिनिधी. कॅटलसच्या मित्रमंडळातील नवकवींमध्ये त्याची गणना होते. 'स्मिर्ना' हे त्याचे मुख्य काव्य. पित्याच्या अभिलाषेने ग्रासलेल्या राजकन्येची ग्रीक पुराणकथा त्याचा विषय होती. हे आकाराने लहान काव्य पूर्ण करण्यास त्याला नऊ वर्षे लागली आणि कॅटलसने एका कवितेत त्याचा गौरव केला. ते इतके दुर्बोध होते की लूसियस क्रासिसियस या वैयाकरणाने त्यावर भाष्य लिहून कीर्ती मिळविली. आज या काव्याच्या मोजक्याच ओळी उपलब्ध आहेत.

राजकारणात तो सीझरचा समर्थक होता. सीझरच्या पुतळ्यावर चढविलेले राजचिन्ह काढणाऱ्या दोन ट्रिब्यूनना पदच्युत करण्याचा प्रस्ताव त्यानेच मांडला, असे डिओ कॅसियस सांगतो.

अंत्यविधीच्या दिवशी झालेली हत्या

सीझरचा मृतदेह फोरममध्ये दहन करण्यात आला. संतप्त जमाव चितेतील जळती लाकडे घेऊन ब्रूटस व कॅसियस यांच्या घरांवर चालून गेला, परंतु तेथून त्याला परतविण्यात आले. सुएटोनियसच्या मते, कॉर्नेलियस सिन्नाने आदल्याच दिवशी सीझरविरुद्ध कठोर भाषण केले होते आणि जमाव त्याच्या शोधात होता. वाटेत हेल्व्हियस सिन्ना सापडला. त्यालाच कॉर्नेलियस समजून लोकांनी ठार केले आणि त्याचे शिर भाल्यावर मिरविले.

प्लुटार्कने यापूर्वीच्या रात्रीची हकिकत दिली आहे. सिन्नाला स्वप्नात सीझरने भोजनाचे निमंत्रण दिले. त्याने नकार देताच सीझरने त्याला हाताला धरून ओढत नेले. सकाळी त्याच्या अंगात ताप होता. तरीही सीझरचे दहन होत असल्याचे कळताच आदरापोटी तो घराबाहेर पडला. गर्दीत कोणी तरी त्याचे नाव विचारले, दुसऱ्याने ते सांगितले आणि 'हा मारेकऱ्यांपैकी एक' अशी वार्ता क्षणात पसरली. ॲपियनच्या मते, जमावाने त्याचे इतके तुकडे केले की अंत्यसंस्कारासाठी देहाचा कोणताही भाग मिळाला नाही.

या घटनेत दोन विसंगती ठळकपणे दिसतात. मारला गेलेला सिन्ना मृताचा मित्र होता आणि त्याच्याच अंत्यविधीला आलेला होता. शिवाय रोमन परंपरेनुसार पदावरील ट्रिब्यूनचे शरीर पवित्र मानले जाई आणि त्याच्यावर हात उचलणे हा धर्मद्रोह होता. नावाच्या एका शब्दापुढे हे दोन्ही निष्प्रभ ठरले.

परिणाम

प्लुटार्कच्या मते, ब्रूटस व कॅसियस यांना या हत्येने इतर कशाहीपेक्षा अधिक धास्ती बसली आणि थोड्याच दिवसांत ते शहर सोडून गेले. चुकीचा माणूस मारला गेला असला, तरी योग्य माणूस सापडल्यास त्याचे काय होईल हे त्यातून स्पष्ट झाले होते.

डिओ कॅसियसने आणखी एक तपशील नोंदविला आहे. सीझरच्या मारेकऱ्यांत पुब्लियस सर्व्हिलियस कास्का याचा समावेश होता. त्या वेळी गाइयस कास्का नावाचाही एक ट्रिब्यून होता. सिन्नाची गत पाहून या दुसऱ्या कास्काने जाहीर निवेदन प्रसृत केले : आपल्या दोघांत केवळ नावाचे साम्य असून विचार भिन्न आहेत.

ओळखीविषयी मतभेद

मृत सिन्नाची ओळख हाच पुढे अभ्यासाचा विषय झाला. व्हालेरियस मॅक्सिमस, ॲपियन आणि डिओ कॅसियस त्याला ट्रिब्यून म्हणतात, परंतु त्याच्या काव्याचा उल्लेख करीत नाहीत. सुएटोनियस केवळ हेल्व्हियस सिन्ना हे नाव देतो. प्लुटार्क त्याला ब्रूटसच्या चरित्रात कवी म्हणतो, परंतु ट्रिब्यूनपदाविषयी मौन बाळगतो. त्यामुळे कवी सिन्ना आणि ट्रिब्यून सिन्ना या दोन भिन्न व्यक्ती असाव्यात, असा तर्कही मांडण्यात आला. व्हर्जिलने हत्येनंतर काही वर्षांनी रचलेल्या एका गोपगीतात सिन्नाचा उल्लेख हयात कवीप्रमाणे केल्याचे काहींना वाटते. मात्र बहुसंख्य अभ्यासक दोघांना एकच मानतात.

ग्नेयस कॉर्नेलियस सिन्ना मॅग्नस

पॉम्पीचा नातू आणि इ.स. ५ चा कॉन्सल. त्याच्या नावातील मॅग्नस हा भाग आजोबांच्या बिरुदावरून आला. सम्राट ऑगस्टसविरुद्धच्या कटात तो सापडला. तथापि सम्राज्ञी लिव्हियाच्या सल्ल्यावरून ऑगस्टसने त्याला क्षमा केली आणि पुढे कॉन्सलपदही दिले. सेनेकाच्या कथनानुसार ऑगस्टसने त्याच्याशी दोन तासांहून अधिक काळ एकांतात संभाषण केले आणि नंतर तो सम्राटाचा निष्ठावंत मित्र बनला.

या प्रसंगातही नावाचा घोळ आढळतो. सेनेका क्षमा मिळालेल्या व्यक्तीला लूसियस सिन्ना म्हणतो आणि प्रसंग सम्राट गॉलमध्ये असतानाचा असल्याचे सांगतो. डिओ कॅसियस मात्र ग्नेयस कॉर्नेलियस हे नाव देऊन तो इ.स. ४ मध्ये घडल्याचे सांगतो.

साहित्यातील चित्रण

विल्यम शेक्सपियरच्या 'ज्युलियस सीझर' या सुमारे १५९९ मधील नाटकात दोन्ही सिन्ना येतात : एक कटवाला आणि दुसरा कवी. शेक्सपियरचा आधार प्लुटार्कच्या चरित्रग्रंथाचे टॉमस नॉर्थ याने १५७९ मध्ये प्रसिद्ध केलेले इंग्लिश भाषांतर हा होता. मूळ वृत्तान्तात जमावाची खरोखर चूक होते. नाटकात मात्र कवी आपली ओळख स्पष्टपणे सांगतो. त्यानंतर त्याच्या वाईट कवितांचे निमित्त करून जमाव त्याच्यावर तुटून पडतो. या बदलामुळे चुकलेल्या ओळखीची घटना जमावाच्या अविवेकाचे चित्र बनते.

फ्रेंच नाटककार प्येर कोर्नेय याच्या सतराव्या शतकातील 'सिन्ना' या नाटकाचा नायक मात्र ऑगस्टसने क्षमा केलेला सिन्ना आहे. त्याचे कथानक सेनेकाच्या वृत्तान्तावर आधारलेले आहे. त्यामुळे युरोपीय साहित्यात केवळ सिन्ना असा उल्लेख आल्यास संदर्भ कवीचा, कटवाल्याचा, की सम्राटाच्या क्षमेस पात्र ठरलेल्या नातवाचा आहे, हे प्रथम पाहावे लागते.