तर्काची हौस आणि पुराव्याची शिस्त

१५ जानेवारी २०१२ च्या रात्री बीबीसीने ‘शेरलॉक’ या मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा अखेरचा भाग दाखविला आणि प्रेक्षकांना जवळजवळ दोन वर्षे पुरेल असे कोडे घालून ठेवले. लंडनमधील सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या गच्चीवरून शेरलॉक होम्स स्वतःला झोकून देतो. समोरच्या रस्त्यावर उभा असलेला त्याचा सखा डॉ. वॉटसन ते प्रत्यक्ष पाहतो, धावत जाऊन रक्तबंबाळ देहाची नाडी चाचपतो आणि हतबुद्ध होतो. पुढे दफनही होते. आणि अगदी शेवटी, थडग्यापाशी उभ्या असलेल्या वॉटसनकडे दुरून पाहणारा होम्स जिवंत दिसतो! हे घडले कसे, याचे उत्तर मिळण्यास १ जानेवारी २०१४ ही तारीख उजाडावी लागली.

मधल्या काळात प्रेक्षकांनी जो उद्योग केला, तो करमणुकीच्या इतिहासात नोंद घेण्याजोगा आहे. त्यांनी तो प्रसंग पुनःपुन्हा पाहिला आणि त्यातील एकेक तपशील वेगळा काढला. होम्सने वॉटसनला एका विशिष्ट जागी उभे राहण्याचा आग्रह का धरला? दोघांच्या मध्ये असलेल्या बुटक्या इमारतीमुळे पदपथाचा कोणता भाग वॉटसनला दिसत नव्हता? नेमक्या त्या क्षणी एक सायकलस्वार त्याला धडकून कसा गेला? पिशव्यांनी भरलेला एक ट्रक कडेला उभा होता, तो तेथून का निघाला? आदल्या दिवशी होम्स रबरी चेंडूशी चाळा करीत होता. काखेत असा चेंडू दाबून धरला तर मनगटाची नाडी लागत नाही, हे कोणा जाणत्याच्या ध्यानात आले. शवागारात काम करणाऱ्या मॉली हूपरकडे त्याने मदत मागितली होती. म्हणजे दुसरा एखादा देह तेथे आणून ठेवणे अशक्य नव्हते. मालिकेचे एक कर्ते स्टीव्हन मोफॅट यांनी एक दुवा सर्वांच्याच नजरेतून निसटला आहे असे सांगून या आगीत तेल ओतले. रुग्णालयाजवळचे दूरध्वनीचे खोके चाहत्यांनी चिकटविलेल्या चिठ्ठ्यांनी भरून गेले. शेरलॉकवर आपला विश्वास आहे, असे त्या चिठ्ठ्यांतून लोक सांगत होते.

एका काल्पनिक गुप्तहेरासाठी एवढा खटाटोप पाहून एखाद्याला हसू येईल. परंतु या खटाटोपाला शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. सर आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ च्या डिसेंबरमध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सला मॉरिआर्टीसह रायशेनबाखच्या धबधब्यात लोटले, तेव्हाही वाचकांनी प्रेत दिसले नसल्याची नोंद घेतलीच होती. वॉटसनला सापडले ते फक्त पावलांचे ठसे, एक काठी आणि एक चिठ्ठी. १९०३ मध्ये डॉयलनी होम्सला परत आणले. पण परत आलेला होम्स हा खरा होम्सच काय, ही शंका काहींच्या मनातून गेली नाही. पुढे धर्मोपदेशक म्हणून प्रसिद्धी पावलेल्या रॉनल्ड नॉक्स या तरुण विद्वानाने १९११ मध्ये ऑक्सफर्ड येथे एक निबंध वाचला. बायबलच्या कर्तृत्वाची चिकित्सा करणाऱ्या जर्मन पंडितांची थट्टा करण्यासाठी त्याने त्यांचीच पद्धत होम्सच्या कथांना लावली, आपल्या पदरचे काही पंडित निर्माण केले, आणि पुनरागमनानंतरच्या कथा घडलेल्या नसून वॉटसनने कल्पनेने रचलेल्या आहेत, असा निष्कर्ष गंभीर चेहऱ्याने मांडला. ‘ज्ञानदेव एक की दोन’ या वादाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला या थट्टेतील मर्म सांगावे लागणार नाही. खुद्द डॉयलनी १९१२ मध्ये नॉक्सला पत्र लिहून, अशा विषयावर कोणी इतके परिश्रम घ्यावेत याचे नवल व्यक्त केले होते.

नॉक्सची थट्टा हीच पुढे अनेकांची हौस बनली, आणि तिला खाद्य पुरविले ते डॉयल यांच्या निष्काळजीपणाने. वॉटसन हा लष्करी डॉक्टर. मुंबई बंदरात उतरून तो अफगाणिस्तानात गेला आणि १८८० मध्ये मैवंदच्या लढाईत जखमी झाला. १८८७ मधील पहिल्या कादंबरीत गोळी खांद्याला लागते. १८९० मधील दुसऱ्या कादंबरीत जखम पायाला असते! त्याचे नाव जॉन एच. वॉटसन, पण एका कथेत त्याची पत्नी त्याला जेम्स म्हणून हाक मारते. लेखकाची ही विस्मृती आहे हे उघड होते. तथापि हा खेळ खेळणाऱ्यांचा दंडक असा की, लेखक चुकला असे म्हणावयाचे नाही. मजकुरातच उत्तर शोधावयाचे. डोरोथी सेयर्स या ख्यातनाम रहस्यकथाकार बाईंनी तोडगा काढला तो असा: ‘एच’ म्हणजे हेमिश, आणि हेमिश हे जेम्स या नावाचेच स्कॉटिश रूप. बिचारी पत्नी पतीला त्याच्या मधल्या नावाने हाक मारीत होती, एवढेच!

गंमत अशी की, बीबीसीच्या मालिकेने या दोन्ही गोष्टी आपल्याशा केल्या. मालिकेतील वॉटसन लंगडतो, पण त्याची जखम खांद्याला आहे. लंगडणे मनाचे आहे, असे होम्स पहिल्याच भेटीत ताडतो. आणि दुसऱ्या पर्वात वॉटसन आपले मधले नाव हेमिश असल्याचे सांगून टाकतो. वाचकांचा तर्क अशा रीतीने कथेचा भाग झाला. मोफॅट आणि त्यांचे सहकारी मार्क गॅटिस हे स्वतः या परंपरेचे निस्सीम वाचक होते, हे लक्षात घेतले म्हणजे या मालिकेच्या प्रेक्षकांत तर्कांना एवढा बहर का आला, ते कळते. कोडे घालणारे आणि सोडविणारे एकाच शाळेत शिकलेले होते.

या शाळेचे शिक्षण वाईट नाही. ज्याने त्या उडीच्या प्रसंगाचे डोळसपणे निरीक्षण केले, त्याने काही गोष्टी अभावितपणे आत्मसात केल्या. साक्षीदार कोठे उभा होता हे विचारल्यावाचून त्याच्या साक्षीची किंमत ठरत नाही. एका घटनेची अनेक स्पष्टीकरणे संभवतात आणि त्यांतील प्रत्येकाला सर्व तपशिलांचा हिशेब द्यावा लागतो. आपल्याला आवडते म्हणून एखादे स्पष्टीकरण खरे ठरत नाही. वर्गात प्रयासाने शिकवाव्या लागणाऱ्या या गोष्टी एका मालिकेच्या निमित्ताने हसतखेळत शिकल्या गेल्या असतील, तर त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. हाती पुरेशी माहिती नसताना तर्क लढविणे ही मोठी चूक होय, हे होम्सने १८९१ मधील एका कथेत बजावलेच आहे. चाहत्यांजवळ माहिती अपुरी होती. पण आपले तर्क २०१४ मध्ये तपासले जाणार आहेत हे त्यांना ठाऊक होते. खेळाला शेवट होता, आणि म्हणून तो खेळ होता.

ती तपासणी मात्र विचित्र झाली. १ जानेवारी २०१४ च्या भागात प्रेक्षकांना एक सोडून तीन उत्तरे मिळाली. पहिल्यात होम्स कमरेला बांधलेल्या लवचीक दोराने झेपावून खिडकीतून आत शिरतो, दुसऱ्यात मॉरिआर्टीशी संगनमत करून पुतळा खाली टाकतो. ही दोन्ही उत्तरे होम्सच्या भक्तांनी स्थापन केलेल्या एका मंडळातील सदस्यांच्या डोक्यातून निघालेली असतात. म्हणजे प्रेक्षकांची हौसच पडद्यावर आली. तिसरे उत्तर स्वतः होम्स त्या मंडळाचा संस्थापक अँडरसन याला सांगतो. त्यात हवेची गादी आहे, चेंडू आहे, दुसरा देहही आहे. कित्येक प्रेक्षकांचे तर्क बऱ्याच अंशी बरोबर ठरले होते. पण अँडरसनला ते उत्तर फिके वाटते, त्यात त्रुटी दिसू लागतात, आणि होम्स आपल्याला खरे सांगेलच कशाला, ही शंका त्याला सतावू लागते. प्रेक्षकालाही त्याच शंकेत सोडून मालिका पुढे सरकते.

विनोद म्हणून हे चातुर्याचे होते. परंतु याच नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले होते आणि गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये, ही त्यांतील एक अट होती. दुवा न लपविता उत्तरच संशयास्पद करून ठेवणे, ही युक्ती त्या दहा नियमांत बसवावी कोठे? तिचा परिणाम असा झाला की, पडद्यावर दाखविलेले उत्तर हे उत्तर असेलच असे नाही, हा धडा प्रेक्षकांनी मनावर घेतला.

तीन वर्षांनी त्या धड्याची फळे दिसली. १५ जानेवारी २०१७ रोजी चौथ्या पर्वाचा तिसरा आणि शेवटचा भाग झाला. होम्सला एक विस्मृतीत गेलेली, बेटावरच्या कारागृहात डांबलेली बहीण असल्याचे त्यात निघाले, आणि अनेकांना तो भाग ओढूनताणून रचलेला वाटला. हा रसिकांचा सरळ अभिप्राय झाला. परंतु चाहत्यांतील एका गटाचे म्हणणे निराळे होते. भाग इतका वाईट असूच शकत नाही. म्हणून तो मुद्दाम वाईट केलेला आहे. म्हणून खरा शेवट अजून यावयाचा आहे. २२ जानेवारीच्या रविवारी बीबीसी एक गुप्त चौथा भाग दाखविणार, अशी त्यांची खात्री झाली. त्या दिवशी ‘ॲपल ट्री यार्ड’ ही नवी मालिका सुरू होणार असल्याचे जाहीर झाले होते. ते नावच केवळ बुरखा आहे, असे सांगण्यात येऊ लागले. वस्तुतः त्याच नावाची लुईस डाउटी यांची कादंबरी २०१३ मध्येच प्रसिद्ध झाली होती. कोणत्याही ग्रंथालयात जाऊन खात्री करून घेता आली असती. २२ जानेवारी उजाडली, आणि ‘ॲपल ट्री यार्ड’ म्हणून ‘ॲपल ट्री यार्ड’च दाखविली गेली.

दोन्ही वेळचे प्रेक्षक तेच, बारकाईही तीच. मग फरक कोठे पडला? पहिल्या वेळी तपशील आधी आले आणि तर्क त्यांच्या मागून चालला. दुसऱ्या वेळी इच्छा आधी आली आणि तपशील तिच्या सेवेला लावले गेले. कर्त्यांनी चौथा भाग नाही असे म्हटले, तर ते गुपित राखीत आहेत. काहीच म्हटले नाही, तर मौन सूचक आहे. जेथे होकार, नकार आणि मौन ही तिन्ही एकाच पक्षाची साक्ष देतात, तेथे साक्षीला अर्थ उरत नाही. होम्सनेही मौनाला पुरावा मानले होते. १८९२ मधील एका प्रसिद्ध कथेत रात्री कुत्रे भुंकले नाही, यावरून आलेला माणूस त्याच्या ओळखीचा होता हे तो ओळखतो. पण त्या अनुमानात बळ होते, कारण परका आला असता तर कुत्रे भुंकले असते. भुंकले तरी तोच निष्कर्ष आणि न भुंकले तरी तोच, अशी त्याची रीत नव्हती.

या गटाने आपल्या कल्पित भागाला जे नाव दिले, त्यात नियतीचा विनोद दडलेला आहे. ‘द लॉस्ट स्पेशल’ ही डॉयल यांची १८९८ मधील कथा. एक खास आगगाडी दोन स्थानकांच्या मध्ये नाहीशी होते, आणि तर्कशास्त्रात ख्याती असलेला एक हौशी गृहस्थ वृत्तपत्राला पत्र पाठवून आपली उपपत्ती मांडतो. डॉयल त्याचे नाव देत नाहीत; परंतु अशक्य ते वगळल्यावर जे उरते त्यातच सत्य असते, ही त्याची भाषा ऐकून तो होम्सच असावा असे वाचक मानीत आले आहेत. तो खाणकामगारांच्या गुप्त टोळीकडे बोट दाखवितो. पुढे गुन्हेगाराचा कबुलीजबाब येतो तेव्हा कळते की, कामगारांच्या टोळीचा त्यात संबंध नव्हता. कारस्थान फ्रान्समधील बड्या लोकांनी रचलेले होते. म्हणजे ज्या कथेचे नाव चाहत्यांनी आपल्या श्रद्धेला दिले, तीच कथा सर्वांत बुद्धिमान माणसाचा तर्कही चुकू शकतो असे सांगते.

दूरचित्रवाणीवरील मालिकेविषयीचा चुकीचा तर्क कोणाचे नुकसान करीत नाही. २२ जानेवारीला निराश झालेल्यांचा फार तर एक रविवार वाया गेला. पण मनाला लागलेली सवय मालिकेपुरती राहत नाही. रोगाची साथ, निवडणुकीचा निकाल, परीक्षेच्या गुणपत्रिका यांविषयी हीच विचारसरणी कानावर येते, तेव्हा ती हसण्यावारी नेता येत नाही. अधिकृत खुलासा आला म्हणजे संशय बळावला, खुलासा आला नाही म्हणजे संशय खरा ठरला, असा न्याय लावणाऱ्याची समजूत पटविणे कोणत्याही पुराव्याला शक्य नाही. याचा दोष सर्वस्वी त्याच्या माथी मारणेही योग्य नव्हे. ज्यांच्याकडून उत्तर यावयाचे, त्यांनी एकदा उत्तराशीच खेळ केला, की पुढचे सरळ उत्तरही लोक सरळ मानीत नाहीत. मालिकेच्या कर्त्यांना हे परवडते. शासनाला, विद्यापीठाला किंवा वृत्तपत्राला परवडत नाही.

यावर उपाय म्हणून तर्क करणेच सोडावे, असा सल्ला कोणी देऊ नये. रहस्यकथा वाचणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकाने पुस्तक मिटावयास सांगण्याऐवजी शेवटच्या प्रकरणाआधी थांबवून दोन प्रश्न विचारावेत. तुझ्या मते गुन्हेगार कोण? आणि पुढच्या पानांत काय आढळले, तर तू आपले मत बदलशील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीही देईल. दुसऱ्याचे उत्तर ज्याला आधीच देता येते, त्याचा तर्क चुकला तरी त्याच्या बुद्धीला धोका नाही.