कारवानी कुत्र्यांच्या सहवासांत



माझें सारें आयुष्य मुलांना शुद्धलेखन व भूगोल शिकविण्यांत गेलें. शाळेच्या आवारांत शिरलेलें कुत्रें छडी उगारून हांकून द्यावें, एवढाच त्या प्राण्याशीं माझा संबंध. अकरा वर्षांपूर्वीं मी निवृत्त झालों, त्याच वर्षीं जत तालुक्यांतील आमच्या गांवच्या एका धनगरानें दीड महिन्याचें एक पिलूं माझ्या ओटीवर आणून ठेविलें. त्याचा मुलगा माझा विद्यार्थी. ही त्याची गुरुदक्षिणा होती. जातांना तो म्हणाला, “गुरुजी, हिला साखळीला बांधूं नगा. घरांत निजूं द्या.” त्या पिलाचें नांव आम्हीं हरणी ठेविलें. तिच्याकडून मी जें शिकलों, तें आज आपणांस सांगणार आहें.

शिकारी कुत्रीं सगळीं एका गुणाचीं नसतात. कांहीं वासानें माग काढतात, कांहीं नजरेनें सावज हेरून त्यास वेगानें गांठतात. आपल्या दख्खनच्या पठारावरील कारवानी कुत्रें हें दुसऱ्या प्रकारांतलें. कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. अशा तांड्यांबरोबर यांचे पूर्वज इराण-मध्य आशियाकडून इकडे आले असें मानितात. ज्यांच्या कानांवर व शेपटीवर लांब रेशमी केस असतात त्यांस पश्मी म्हणतात. पश्म म्हणजे लोकर. मुधोळ संस्थानचे अधिपति मालोजीराव घोरपडे यांनीं बेडर लोकांजवळचीं चांगलीं कुत्रीं निवडून त्यांची जोपासना केली, व पंचम जॉर्ज बादशहांस एक जोडी नजर केली असें सांगतात. त्यावरून मुधोळचें नांव या जातीस चिकटलें. आजही कुत्र्यांची नोंद ठेवणारी एक संस्था हिला कॅरव्हान हाउंड म्हणते, तर दुसरी मुधोळ हाउंड. हा वाद दोहों बाजूंच्या विद्वानांस लखलाभ असो. २००५ सालीं टपाल खात्यानें चार देशी जातींचीं तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळचें एक आहे. आणि २०१६ सालीं सैन्याच्या मेरठ येथील केंद्रांत या जातीच्या पिलांचें शिक्षण सुरू झालें.

या कुत्र्याचें शरीर पाहिलें म्हणजे तें धांवण्यासाठींच घडविलें आहे हें अडाण्यासही कळतें. छाती खोल, पोट पाठीस गेलेलें, मुख लांब व निमुळतें. भरधांव पळतांना याच्या प्रत्येक झेपेंत चारी पाय दोन वेळां जमिनीपासून सुटतात: एकदां पाय पोटाखालीं गोळा होतात तेव्हां, आणि एकदां पुढचे पुढें व मागचे मागें ताणले जातात तेव्हां. घोडा चौखूर उधळला तरी त्याचे पाय झेपेंत एकदांच अधांतरीं होतात. अंगावर चरबी जवळजवळ नाहींच. शेवटच्या तीन बरगड्या दिसणें हें या जातीचें आरोग्याचें लक्षण. परंतु आमच्या शेजाऱ्यांस तें पटेना. “मास्तरांना पेन्शन पुरत नाहीं वाटतें,” अशी कुजबूज माझ्या कानांवर अनेक वेळां आली.

चरबी नाहीं म्हणून थंडी यांस फार बाधते, आणि कठीण फरशीवर निजून कोपरांवर घट्टे पडतात. तरट किंवा जुनी गोधडी हवीच. याच कारणानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल देण्याचीं कांहीं औषधें अशा कृश कुत्र्यांच्या अंगांतून फार सावकाश उतरतात. तेव्हां डॉक्टरांस कुत्र्याची जात आधींच सांगावी.

आतां संगोपनाविषयीं. पिलाचे डोळे जन्मानंतर साधारण दहा ते चौदा दिवसांनीं उघडतात, आणि तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याच्या स्वभावाची घडण ठरवितो. अमेरिकेंतील स्कॉट व फुलर या दोघां शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें पिलें वाढवून हें पाहिलें व १९६५ सालीं ग्रंथरूपानें मांडलें. या काळांत ज्या पिलास माणसाचा हात लागत नाहीं, तें पुढें माणसास भितें. कारवानी कुत्रें तर मुळांतच बुजरें. परक्याचा स्पर्श त्यास खपत नाहीं. म्हणून मी हरणीला रोज बाजारांत, देवळाजवळ, एस. टी. थांब्यावर नेत असें. शाळेचीं मुलें तिच्याभोंवतीं जमत. मी मात्र एका वेळीं एकालाच हात लावूं देत असें. हा नियम मुलांपेक्षां त्यांच्या पालकांनींच अधिक मोडला.

धनगराच्या त्या एका वाक्याचा अर्थ मला फार उशिरां उमगला. इ. स. च्या दुसऱ्या शतकांत ॲरियन नांवाचा ग्रीक ग्रंथकार होऊन गेला. अलेक्झांडरच्या स्वारीचा इतिहास लिहिणारा तो हाच. हिंदुस्थानाविषयींही त्यानें एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्यानें वेगवान कुत्र्यांवरही एक पुस्तक लिहिलें आहे, आणि त्यांत होर्मे या स्वतःच्या कुत्रीचें नांव पुढल्या पिढ्यांसाठीं नोंदवून ठेविलें आहे. अशा कुत्र्यानें माणसाजवळ निजावें हें उत्तम, असें तो सांगतो. ॲरियनचें नांवही न ऐकलेल्या आमच्या धनगरानें तेंच सांगितलें होतें. पिढ्यान्‌पिढ्या कुत्रीं पाळणारांचें ज्ञान पुस्तकाची वाट पाहात थांबत नाहीं.

आहाराविषयीं थोडक्यांत सांगतों. नुसत्या भाकरी-दुधावर वाढलेलें पिलूं हाडानें कच्चें राहतें. त्यास अंडीं व मांस हवें. धांवण्याच्या अगोदर व धांवून आल्या आल्या पोटभर खाऊं घालूं नये. खोल छातीच्या कुत्र्याच्या पोटास पीळ पडून तें दगावतें. आमचा भाग द्राक्षांचा. म्हणून हेंही सांगतों कीं, द्राक्षें व बेदाणे यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. लाडानें मूठभर बेदाणे टाकणारे पाहुणे मीं पाहिले आहेत. त्यांचा हात धरावा.

या कुत्र्यास धांवूं दिलेंच पाहिजे, परंतु कशामागें? ससा हा तर त्याचा पिढीजात प्रतिस्पर्धी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी आहे, आणि त्यांत ससाही आला. पुष्कळांस हें जाचक वाटतें; मला वाटत नाहीं. माळ संपत चालले, ससे विरळ झाले. शिवाय ॲरियननेंच लिहून ठेविलें आहे कीं, खरा शौकीन ससा मारण्यासाठीं नव्हे, तर शर्यत पाहण्यासाठीं कुत्रें सोडतो, आणि ससा निसटला तर आनंद मानितो. मी तर ससाही वगळला. दोरीस चिंधी बांधून एका मुलास सायकलवर पुढें पिटाळीत असें. हरणीस तेवढें पुरे होई. मात्र जागा आधीं पायीं फिरून पाहावी. नजर सावजावर खिळली म्हणजे या कुत्र्यास कांटेरी तार दिसत नाहीं, आणि याची कातडी कागदासारखी पातळ. तारेनें छाती फाटलेलें एक कुत्रें मीं पाहिलें आहे. तें वांचलें नाहीं.

आतां जें सांगावयाचें तें मला सुखाचें नाहीं. चौथ्या वर्षीं हरणीला सहा पिलें झालीं. आठव्या आठवड्यांत मीं सर्वांस तालुक्याच्या गांवीं नेऊन रोगप्रतिबंधक लस टोंचविली. तीन आठवड्यांनीं पुन्हां आणा, असें डॉक्टरांनीं बजाविलें होतें. पावसाची झड लागली होती, गाडी मिळेना, आणि देशी कुत्रें काटक असतें हा समज माझ्याही मनांत होताच. मी गेलों नाहीं. पुढच्याच पंधरवड्यांत पिलांना वांत्या व रक्ताचे जुलाब सुरू झाले. हा पार्व्हो नांवाचा रोग. १९७८ पूर्वीं तो कोणास माहीत नव्हता, आणि दोन-तीन वर्षांत तो जगभर पसरला. पांच दिवसांत चार पिलें गेलीं. सलाईन लावून दोन वांचलीं.

एक सुई पुरेशी कां होत नाहीं, हें डॉक्टरांनीं मला नंतर समजावून सांगितलें. पिलास आईच्या पहिल्या दुधांतून रोगाशीं झगडण्याची शक्ति मिळते. ती अंगांत आहे तोंवर लसीचाही बंदोबस्त करून टाकते. ती ओसरते तेव्हां पिलूं उघडें पडतें. ती कोणत्या पिलांत सहाव्या आठवड्यांत ओसरेल आणि कोणत्यांत चौदाव्या, हें बाहेरून कळत नाहीं. म्हणून सोळा आठवड्यांचें होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें पुन्हां पुन्हां लस देतात. हा रोगाणु जमिनींत कित्येक महिने जिवंत राहतो. एक भाग ब्लीच व तीस भाग पाणी घेऊन मीं ओटी, परडें, गोठा सारें धुतलें. हरणी चार दिवस परड्यांत हुंगत फिरली. तिच्याकडे पाहण्याचें धैर्य मला झालें नाहीं. मुलांच्या चुका मीं चाळीस वर्षें लाल शाईनें दाखविल्या; ही माझी चूक खोडतां येणारी नव्हती.

वांचलेल्या दोहोंपैकीं एक पिलूं मिरजेस माझ्या मुलीकडे गेलें, व एक त्या धनगराकडे परत.

गेल्या वर्षीं हरणीचीं मूत्रपिंडें थकलीं. दहा वर्षें व कांहीं महिने हें या जातीस अल्पायुष्य नव्हे. ती उठेना, खाईना. पाणी मात्र सारखें मागे. डॉक्टर म्हणाले, निर्णय तुमचा. मीं तीन दिवस काढले. त्यांतले दोन तिच्यासाठीं नव्हते, माझ्यासाठीं होते, हें आतां कबूल करतों. भुलीच्याच औषधाची मोठी मात्रा शिरेंतून देतात. आधीं शुद्ध हरपते, मग श्वास, मग हृदय थांबतें. फार वेळ लागत नाहीं. तिचें डोकें माझ्या मांडीवर होतें. परड्यांतील लिंबाखालीं चार फूट खोल खड्डा घेतला. त्याहून उथळ घेतल्यास कोल्हीं उकरतात.

मागील महिन्यांत तोच धनगर पुन्हां ओटीवर आला. या वेळीं त्याच्या धोतराच्या ओच्यांत हरणीच्या मुलीचें पिलूं होतें. नको म्हणण्याचा मीं प्रयत्न केला. पिलाच्या दोन सुया झाल्या आहेत. तिसरीची तारीख दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेविली आहे. ती येत्या मंगळवारीं आहे, आणि गाडी सांगून ठेविली आहे.